घारीची पिसे : आमची चूक आणि एक सांधा

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा विषय विचारला. आम्ही म्हटलं, घार. सचिव भाऊ हसले. त्यांना वाटलं आम्ही थट्टा करतो. दरवर्षी आम्ही या माईकवरून गिरणी, युनियन, पोरांचं शिक्षण यावर बोलतो. काही लोक तेव्हा चप्पल शोधायला लागतात, तेही आम्हाला माहीत आहे. आज मात्र घारीवर, आणि तेही तिच्या पिसांवर बोलणार आहोत. यात 'आम्ही' म्हटलं की एकट्याचं समजू नका. विहारातली आठ-दहा पोरं, गच्चीवरचा पिंजरा बांधणारे दोन भाऊ, आणि आम्ही स्वतः, असे सगळे त्यात आहेत. चूक झाली ती सगळ्यांची मिळून झाली, म्हणून बोलताना कुणा एकाला पुढं करणार नाही.

२०२३ सालची संक्रांत. रविवार होता. आपल्या नागपुरात संक्रांतीला काय असते ते तुम्हाला सांगायला नको. सकाळपासून गच्च्या भरलेल्या, भोंगे लागलेले, 'ओ काट' चा गजर चाललेला. दुपारी चारच्या सुमारास विहाराच्या मागच्या निलगिरीवरून काहीतरी फडफडत खाली आलं आणि पाण्याच्या टाकीमागे पडलं. पोरं धावली. एका पोरानं ओरडून सांगितलं, "काका, घार हाय जी! मांजात अडकली."

आम्ही जाऊन पाहिलं. उजव्या पंखाला नायलॉनच्या मांजाचे पाच-सहा वेढे. पंखाच्या पुढच्या कडेची कातडी चिरलेली, रक्त वाहतंय. पंखाच्या टोकाची चार लांब पिसं अर्ध्यातून कापलेली. अशी कापलेली की जणू कात्री मारली. घारीचा डोळा पाहिला आहे का कुणी जवळून? भीती असते, पण डोळा खाली होत नाही. आम्ही गमछा टाकला, तिला गुंडाळलं. एका भावाच्या हाताला तिनं नखं लावली, त्याची खूण अजून आहे.

गर्दी जमली. कुणी म्हणालं, विहारावर घार पडली, हा अपशकुन. आम्ही त्यांना एवढंच विचारलं, की बुवा, शकुन कुणाचा आणि अपशकुन कुणाचा? रक्त तर तिचं वाहतंय. मग ते गप्प बसले.

त्या संध्याकाळी एका जनावरांच्या डॉक्टरकडे नेली. ते गाई-म्हशी आणि कुत्र्यांचे डॉक्टर. पण माणूस भला. त्यांनी मांजा कापून काढला, कातडी शिवली, औषध दिलं. म्हणाले, हाड शाबूत आहे, कंडरा वाचली आहे, जखम दोन-तीन आठवड्यांत भरेल. आम्ही पैसे विचारले तर हात जोडले. तिथपर्यंत सगळं बरोबर झालं.

आता पुढची गोष्ट ऐका. आपण सगळे सिद्धार्थ आणि देवदत्ताची गोष्ट पोरांना सांगतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती घेतली आहे. बाण लागलेला पक्षी सिद्धार्थासमोर पडतो, तो बाण काढतो, जखम बांधतो, पाणी पाजतो, आपल्या वस्त्रात गुंडाळून छातीशी ऊब देतो. देवदत्त पक्षी मागतो. वाद निवाड्याला जातो आणि निकाल सिद्धार्थाच्या बाजूने लागतो. मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा हक्क मोठा. इथं आपण गोष्ट थांबवतो. पोरं टाळ्या वाजवतात. निकालानंतर त्या पक्ष्याला पुन्हा उडता येईपर्यंत काय काय करावं लागलं असेल, हे आपण पोरांना कधी सांगत नाही. आम्हीही पन्नाशी उलटेपर्यंत विचारलं नव्हतं. आम्हाला वाटलं, जखम भरली की झालं.

आम्ही विहाराच्या गच्चीवर पिंजरा बांधला. कोंबड्यांची जाळी असते ना षटकोनी, तारेची, ती आणली. चार लाकडी फळ्या, वरून पत्रा. छान पिंजरा झाला. आमचाच हात, त्यामुळे मजबूत. घारीला आत सोडलं. खायला रोज कोंबडीचं मांस, आणि तेही हाडं काढून, तिच्या घशात अडकू नये म्हणून. शेजारच्या आजीनं पहिल्या दिवशी दूधभात ठेवला होता. तिचा जीव कळवळला म्हणून ठेवला, तिला हसू नका. आम्ही जे केलं ते दूधभातापेक्षा वाईट होतं.

रोज पोरं बघायला जायची. पोरं आली की घार दचकायची आणि जाळीवर झेप घ्यायची. पंख जाळीच्या भोकांत जायचे, शेपूट जाळीवर घासायची. पुन्हा खाली पडायची, पुन्हा झेप. असं दिवसातून वीस-पंचवीस वेळा. आम्ही म्हणायचो, बघा किती जोर आला आहे! खरंच आम्ही खूश होतो.

एकोणीस दिवसांनी जखम पार भरली. टाके निघाले. समितीची चार माणसं बोलावली, पोरं गोळा केली, एकानं मोबाईलवर शूटिंग लावलं. गच्चीच्या कठड्यावर घारीला ठेवली. तिनं पंख उघडले, झेप घेतली, आणि दगड पडावा तशी खाली शेजारच्या टिनावर आपटली. टिनाचा तो आवाज आम्हाला आजही ऐकू येतो. पोरं हसली नाहीत, ओरडली नाहीत. एकदम चूप झाली.

तेव्हा आम्ही पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. शेपटीची पिसं केरसुणीसारखी झालेली. सात पिसं मधूनच मोडलेली, बाकीची फाटलेली. डाव्या पंखाची आतली दोन मोडलेली. उजव्या पंखाची चार तर मांजानंच कापलेली होती, ती तशीच खुंटासारखी उभी. जखम मांजानं केली, पण शेपूट आमच्या जाळीनं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाईनला फोन लावला. तोपर्यंत आम्हाला कायदाही माहीत नव्हता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. जखमी वन्यपक्षी सापडला तर तो आपल्या घरचा होत नाही, अठ्ठेचाळीस तासांच्या आत कळवावं लागतं. आम्ही एकोणीस दिवस ठेवला. संविधानाच्या गोष्टी सांगणारे आम्ही, आणि एवढा कायदा ठाऊक नाही. फोनवरच्या बाईंनी दरडावलं नाही, पत्ता विचारला, गाडी आली. पक्षी उपचार केंद्रात पोचला, आणि मागोमाग आमची सायकल.

तिथं एक तरुण डॉक्टर बाई होत्या. नाव सांगत नाही, त्यांनी नको म्हटलं. आमच्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी घार तपासली आणि आधी विचारलं, "काका, कोंबडीच्या जाळीत ठेवली होती का?" आम्ही मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "जखमेनं मरतात त्यापेक्षा अशा पिंजऱ्यानं अपंग होणारे पक्षी काही कमी नाहीत." मग आम्हाला बसवून त्यांनी जे समजावलं, ते आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

पीस म्हणजे काय? ते आपल्या नखासारखं, केसासारखं आहे. वाढताना जिवंत असतं, त्याच्या नळीत रक्त असतं. तेव्हा ते मोडलं तर रक्त वाहतं, पक्ष्याला दुखतं. पण एकदा पूर्ण वाढलं की ते मेलेलं असतं. आत रक्त नाही, दुखणं नाही. नळी कोरडी, पोकळ. त्यामुळे मोडलेलं पीस जखमेसारखं भरून येत नाही. नख मोडलं तर खालून वाढत येतं, पीस तेवढंही करत नाही. मोडलेला खुंट तिथंच राहतो आणि शरीराला वाटतं, जागा भरलेली आहे. जोवर तो खुंट गळत नाही तोवर नवीन पीस येत नाही.

गळतं कधी? घारीची मोठी पिसं साधारण वर्षातून एकदा बदलतात, आणि एकदम नाही, क्रमानं. एक गळलं, त्याच्या जागी नवं वर आलं, मग पुढचं. दोन्ही पंखांत जवळपास जोडीनं, म्हणजे तोल जात नाही. निसर्गाचा हा हिशेब गिरणीतल्या पाळीसारखा आहे. सगळे कामगार एकदम सुट्टीवर गेले तर साचा बंद पडेल, म्हणून आळीपाळीनं जायचं. घारीच्या एकेका पंखाला टोकाकडची मोठी दहा पिसं असतात, हाताच्या हाडांना घट्ट बसलेली. शेपटीला बारा. शेपूट म्हणजे तिचं सुकाणू. घार उडताना शेपूट कशी तिरपी फिरवते ते उद्या वर बघा. पंख पसरले तर साडेचार-पाच फूट होतात, वजन मात्र त्या मानानं फारच कमी. सगळी मदार पिसांवर.

आमच्यातल्या एका पोरानं डॉक्टर बाईंना विचारलं, "मॅडम, मग खुंट उपटून टाकला तर?" प्रश्न चांगला होता. उपटला तर नवं पीस यायला सुरुवात होऊ शकते, हे खरं. पण ही मोठी पिसं हाडाशी बांधलेली. ओढताना फार दुखतं, आणि ज्या खळीतून पीस उगवतं ती खळी फाटली तर तिथं पीस पुन्हा कधीच नीट येत नाही. आणखी एक. नवं पीस वाढताना मऊ असतं, त्याला दोन्ही बाजूंच्या जुन्या पिसांचा आधार लागतो. शेजारचीच मोडलेली असतील तर नवं एकटं पडतं आणि तेही मोडतं, रक्त जातं. मग पुन्हा तेच चक्र.

वर्षभर वाट बघायची म्हटलं तर पक्षी वर्षभर कोंडलेला. छातीचे स्नायू गळतात. एकाच दांडीवर बसून तळपायाला गळू होतं, तो आजार शिकारी पक्ष्याला भारी पडतो. आणि कोंडलेला असला की आणखी पिसं मोडतात. खाण्यातही आमची चूक होती. नुसतं बिनहाडाचं मांस दिलं तर कॅल्शियम मिळत नाही. घार हाडासकट खाणारी. पीस वाढत असताना पोटाला नीट मिळालं नाही, तर पिसावर आडवी फिकट रेघ उमटते. तिथं पीस कच्चं राहतं आणि पुढं तिथंच तुटतं. उपासमारीची रेघ. बंधूंनो, आपल्या ज्येष्ठांच्या अंगावर अशा रेघा दिसत नाहीत एवढंच.

मग उपाय? डॉक्टर बाई म्हणाल्या, दुसरं पीस जोडू.

आम्हाला खरं वाटलं नाही. पण ही युक्ती जुनी आहे. ससाणे-बहिरी पाळणारे लोक शेकडो वर्षांपासून ती करत आले. युरोपात फ्रेडरिक दुसरा नावाचा बादशहा होता, त्यानं तेराव्या शतकात ससाण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात ती दिली आहे. बादशहांना शिकारीसाठी पक्षी उडायला हवा होता. कारण काही का असेना, युक्ती आपल्याला मिळाली.

करायचं असं. त्याच जातीच्या, तेवढ्याच आकाराच्या पक्ष्याची चांगली पिसं हवीत. गळून पडलेली चालतात, किंवा मेलेल्या पक्ष्याची. केंद्रात ती धुऊन, क्रमांक टाकून ठेवतात. क्रमांक महत्त्वाचा. सहाव्या पिसाच्या जागी सहावंच. आणि उजव्याच्या जागी उजवंच, कारण पिसाची एक बाजू अरुंद, दुसरी रुंद असते, वाकही वेगळा असतो. डाव्या पायात उजवी चप्पल घालून पहा, तसं.

महिनाभर आमच्या घारीला पीस मिळेना. आम्ही दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी जायचो. केंद्रात तिला ठेवली होती ती खोली पाहून आमचा आम्हालाच राग आला. चारी बाजूंनी कापड लावलेलं, खिडकीला उभ्या पट्ट्या, म्हणजे पंख अडकत नाही. बसायच्या दांडीला काथ्या गुंडाळलेला. अंधूक उजेड, माणसांची वर्दळ नाही. उरलेली शेपूट वाचावी म्हणून तिच्यावर जुन्या एक्स-रेच्या फिल्मचं पाकीट चिकटवलेलं. किती साधी गोष्ट! एक्स-रेच्या फिल्म आपल्या प्रत्येक घरात कपाटावर पडल्या आहेत. आम्हाला हे सुचलं असतं तर...

मार्चच्या सुरुवातीला फोन आला. विजेच्या तारेला चिकटून एक घार मेली होती. तिचा डावा पंख जळालेला, उजवा आणि शेपूट शाबूत. म्हणजे उजव्या पंखाची चार आणि शेपटीची सात, अशी अकरा पिसं जमली. डाव्या पंखाची दोन मिळाली नाहीत. डॉक्टर बाई म्हणाल्या, ती आतली आहेत, त्यावाचून उडेल.

त्यांनी विचारलं, "काका, तुमचा हात बारीक कामाला चालतो का?" आम्ही म्हटलं, बाई, आमची तीस वर्षं रिंग फ्रेमवर तुटलेला धागा सांधण्यात गेली. तेव्हा त्यांनी आम्हाला बांबूच्या काड्या तासायला दिल्या. पिसाची नळी पोकळ असते, तिच्यात जाईल अशी काडी. गोल करायची नाही, तीन धारांची करायची. गोल असली तर पीस आत गरागरा फिरतं. रात्रपाळी करून आलो आणि सकाळी घरी बसून अकरा काड्या तासल्या. आमची बायको म्हणाली, एवढं बारीक काम घरचं तर कधी केलं नाही. खरं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्हाला आत उभं राहू दिलं. घारीला गॅसची भूल दिली. डोळे मिटले, तेव्हा ती फार लहान दिसली. डॉक्टर बाईंनी खुंट कातडीपासून थोडा वर ठेवून सरळ कापला. दुखत नाही, नख कापल्यासारखं. मेलेल्या घारीचं पीस शेजारी धरून माप घेतलं. जुनं पीस जेवढं लांब असेल तेवढंच नवं भरलं पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. मग काडी अर्धी पिसात, अर्धी खुंटात. त्याआधी तसंच कोरडं बसवून बघितलं, वाक बरोबर आहे का. मग एपॉक्सीचा एक थेंब. शेजारच्या पिसांना लागू नये म्हणून खाली कागदाची पट्टी. डिंक धरेपर्यंत बोटांनी धरून ठेवायचं. एक झालं की दुसरं. अकरा पिसांना पावणेदोन तास लागले.

गिरणीत काम केलेल्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. धाग्याला गाठ मारली की ती जाड येते, पुढं कापडात दिसते. सांधा नीट बसला तर हात फिरवूनही कळत नाही. आता आमच्याकडे कोन वाइंडिंगला यंत्र हवेच्या झोतानं स्वतः सांधा मारतं, माणूस लागत नाही. पण त्या दिवशी आम्ही घारीच्या पंखावरून बोट फिरवलं आणि सांधा बोटाला लागला नाही. एवढं समाधान आम्हाला बोनसच्या दिवशी झालेलं नाही.

आणि मनात एक बोचही होती. जिनं तिचा पंख कापला तोही धागाच. आमच्या गिरणीचा नव्हे, नायलॉनचा. पण धागाच.

हे पीस कायमचं नसतं, हेही सांगतो. उसनं असतं. तिची पिसं बदलायची वेळ आली की खुंटासकट हे उसनं पीस गळतं आणि तिचं स्वतःचं उगवतं. तोवर काम भागतं.

एप्रिलमध्ये तिला मोठ्या, लांब पिंजऱ्यात उडवलं. मग मैदानात पायाला हलकी लांब दोरी लावून. पहिल्या दिवशी धापा टाकत खाली बसली, स्नायू गळाले होते ना. रोज थोडं थोडं वाढवलं. महिनाअखेरीस आपल्याच वस्तीत आणून सोडली, कारण पक्षी शक्यतो जिथला तिथं सोडावा. यावेळी आम्ही शूटिंगवाल्याला बोलावलं नाही. पाच-सहा माणसं होतो. खोक्याचं झाकण उघडलं. ती कठड्यावर बसली, पिसं झटकली, आणि गेली. पाण्याच्या टाकीवरून एक वळण घेतलं, शेपूट तिरपी केली, उन्हात वर चढली. टिनावर पडलेली तीच घार!

एक गोष्ट मात्र भरून निघाली नाही. घारींची वीण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असते. त्या निलगिरीवर तिचं घरटं होतं. संक्रांतीनंतर काही दिवस दुसरी घार तिथं येऊन बसायची, ओरडायची. मग येईनाशी झाली. त्या वर्षी घरटं रिकामंच राहिलं.

आता थोडं कडू बोलतो. दिल्लीत वजीराबादला नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे दोघं भाऊ आहेत. साबणाचे डिस्पेन्सर बनवण्याचा घरचा धंदा. तळघरात जखमी घारींवर उपचार करता करता त्यांनी हजारो पक्षी हाताळले. त्यांच्यावर शौनक सेन यांनी केलेला 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट २०२२ साली आला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. हे भाऊ या कामात कसे पडले? लहानपणी एक जखमी घार पक्ष्यांच्या दवाखान्यात नेली, तर तिथं ती घेतली नाही, कारण घार मांस खाते. जखमीला आधी विचारायचं की तू खातोस काय, आणि मग औषध! ही रीत आपल्याला नवी नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपली गल्लीही बघू. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. आपल्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्वतःहून दखल घेतली. तरी २०२३ च्या संक्रांतीला तो आपल्या वस्तीत विकला गेला. कुणी विकला ते सांगत नाही, ते समोर बसले आहेत. आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. ते म्हणाले, "दादा, आपण नाही विकला तर पल्याडचा विकते. चार पैसे सुटतात, पोरीची फी निघते." आम्हाला उत्तर सुचलं नाही. चहा पिऊन परत आलो. पण पुढच्या संक्रांतीला त्यांनी फक्त सुती दोरा ठेवला. माल पडून राहिला, तोटा आला, तो त्यांनी एकट्यानं सोसला. समितीनं त्याची कुठं नोंद केली नाही, म्हणून आम्ही इथं करतो. सुती दोऱ्यालाही काच लावली तर तो कापतोच, पण पावसात कुजून तरी जातो. नायलॉन झाडावर वर्षानुवर्षं लटकतो आणि पतंग नसतानाही पक्षी धरतो. संक्रांतीनंतर पोरं आता बांबू घेऊन झाडांवरचे गुंते काढतात. २०२४ ला पहिल्या दिवशी दोन पोती निघाले.

पोरांनो, तुम्हाला सांगतो, जखमी पक्षी सापडला तर काय करायचं. गमछा टाका, नखं सांभाळा. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, आत कापड घाला, पक्षी ठेवा, झाकण लावा. अंधार आणि शांतता हेच पहिलं औषध. तारेच्या पिंजऱ्यात ठेवू नका. मांजा मांसात रुतला असेल तर ओढू नका, लोंबणारा तेवढा कापा. गोष्टीत पाणी पाजलं आहे, पण आपण चोचीत पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. दूधभात नाही, हळद नाही, बघायला मित्र बोलवायचे नाहीत. १९२६ ला फोन लावा, लगेच, एकोणीस दिवसांनी नाही. आणि घारीचं, घुबडाचं गळलेलं पीस सापडलं तर घरी फुलदाणीत खोचू नका. ते ठेवणं कायद्यात बसत नाही, आणि केंद्राला ते कुणाच्या तरी पंखासाठी हवं असतं. दोन बोटांनी देठाशी धरून पाकिटात घाला आणि विहारात आणून द्या, आम्ही पोचवतो. कुणी घुबडाच्या पिसाचा, नखाचा ताईत मागायला आलं, तर त्याचं नाव मात्र आम्हाला जरूर सांगा.

आता शेवटचं सांगून बसतो, जेवणाची वेळ झाली आहे.

२०२३ च्याच वर्षावासात, ऑगस्टमध्ये, विहारात ग्रंथवाचन चाललं होतं. बाहेर रिपरिप पाऊस. तोच पोरगा, ज्यानं खुंट उपटायचा का म्हणून विचारलं होतं, तो मागच्या दारातून आला आणि आमच्या मांडीवर एक ओलं पीस ठेवलं. निलगिरीखाली सापडलं म्हणाला. वाचन चालू होतं म्हणून आम्ही बोललो नाही. पीस हातात घेऊन देठाकडून बोट फिरवलं. काही लागलं नाही. मग उजेडाकडे धरून पाहिलं. नळीच्या आत, डिंकाच्या पिवळट थेंबाखाली, आम्ही तासलेली तीन धारांची काडी होती. खाली तिचा स्वतःचा खुंट, अखंड, मुळापासून गळलेला.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टर बाईंकडे पोचवलं. त्यांनी पंखाचा तक्ता काढून ताडून पाहिलं. उजवं, आठवं.

जयभीम.